विणीच्या कबुतरांना नुसती वाळू पुरते का? ग्रिट आणि कॅल्शियमविषयी मार्गदर्शन हवे आहे

कृष्णाकाठची_ढाबळ

नमस्कार. कराडला आमच्या घराच्या गच्चीवर माझी कबुतरांची छोटी ढाबळ आहे. लक्का जातीच्या तीन आणि होमरच्या दोन अशा एकूण पाच जोड्या मी तीन वर्षांपासून सांभाळत आहे. आतापर्यंत कधी मोठी अडचण आली नव्हती. परंतु गेल्या काही महिन्यांत जे घडले, त्यामुळे माझे कुठेतरी मूलभूत चुकत असावे असे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझ्या एका पांढऱ्या लक्का मादीने दिवाळीपासून चार वेळा अंडी घातली. पक्ष्यांची संख्या वाढू नये म्हणून पहिल्या दोन वेळची अंडी मी घातल्याबरोबर काढून घेतली होती. तिसऱ्या वेळी पहिले अंडे ठीक होते, पण दुसरे हाताला खरखरीत लागले आणि मादी त्यावर बसताच चेपले. चौथ्या वेळच्या दुसऱ्या अंड्याला कवच असे नव्हतेच. नुसती पापुद्र्याची पिशवी होती आणि बोट लावले की तिला खळगा पडत होता. त्यानंतर मादी दोन दिवस पंख सैल सोडून कोपऱ्यात बसून राहिली. आता ती दाणे खाते आहे, पण पूर्वीसारखी उडी मारून फळीवर जात नाही. याच काळात होमरच्या एका पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकले आणि ते उभे राहू शकले नाही.

खाद्यात ज्वारी, बाजरी, गहू, मका आणि थोडे मूग व वाटाणे असतात. ग्रिट, म्हणजे पक्षी दाण्यांसोबत गिळतात ते बारीक खडे, म्हणून नदीची वाळू धुऊन, वाळवून ठेवतो. आठवड्यातून दोनदा पिण्याच्या पाण्यात माणसांसाठी मिळणारे कॅल्शियमचे पातळ औषध घालतो. मांजरांच्या आणि पावसाच्या भीतीने ढाबळीला तीन बाजूंनी प्लायवूड, वर पत्रा आणि समोर पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा लावलेला आहे. पक्षी सोडले की गच्चीच्या कठड्याचा गिलावा टोचून खातात, हेही माझ्या लक्षात आले आहे.

वाळू पुरेशी नाही का? शिंपले द्यावेत तर कोणते, कसे आणि किती? एका परिचितांनी पानाचा चुना पाण्यात कालवून देण्यास सुचवले आहे, ते योग्य आहे का?

---

रत्नागिरीचा_होमरवाला

आपण खुलासेवार लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी गेली बावीस वर्षे होमर पाळतो आणि आपल्या प्रश्नाचे मूळ मला 'ग्रिट' या एकाच शब्दात दिसते. आपण सगळे या एका शब्दाने दोन अगदी वेगळ्या वस्तूंना हाक मारतो.

कबुतर दाणा सोलत नाही की फोडत नाही, सबंध गिळते. तो अन्नपिशवीत भिजतो, पुढे जठरात आम्ल मिसळते आणि मग पेषणीत, म्हणजे त्या जाड स्नायूंच्या पिशवीत, तो दळला जातो. दळायला जाते हवे आणि जात्याला दगड हवा. तो दगड म्हणजे न विरघळणारे ग्रिट: काळ्या पाषाणाची बारीक कच, ग्रॅनाइट, गारगोटी, नदीची जाडसर वाळू. आम्लाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, म्हणूनच ते पोटात बराच काळ टिकतात आणि काम करतात. आपल्या कृष्णेची वाळू हे काम चोख करते. मात्र तिच्यातून कॅल्शियम जवळजवळ मिळत नाही. दुसरी वस्तू विरघळणारी: शिंपला, समुद्रफेस (माकुळाच्या अंगातले पांढरे, मऊ कवच), अंड्याचे टरफल, चुनखडी. ती आम्लात विरते आणि रक्तात कॅल्शियम पुरवते, पण विरून जात असल्यामुळे दाणा दळण्याच्या कामाला ती टिकत नाही. ढाबळीत दोन्ही हवीत आणि माझ्या मते दोन वेगळ्या ताटल्यांत हवीत. दळणाची गरज प्रत्येक पक्ष्याला बारमाही असते. कॅल्शियमची गरज मात्र मादीची वेगळी, नराची वेगळी आणि दिवसागणिक बदलणारी असते.

आता थोडा हिशेब पाहा. ज्वारी, बाजरी आणि गहू यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, मक्यात त्याहूनही कमी. कबुतर दिवसाला ३० ते ४० ग्रॅम दाणा खाते. मूग-वाटाण्यामुळे थोडी भर पडते असे धरले, तरी दिवसाकाठी त्याच्या पोटात जेमतेम १५ ते २० मिलिग्रॅम जाते. अंडे १६ ते १८ ग्रॅमचे, कवच त्याच्या आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास आणि ते बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे एका अंड्याला सुमारे अर्धा ग्रॅम कॅल्शियम लागते. दाण्यातले सगळेच्या सगळे अंगी लागले असे मानले, तरी एका अंड्याची तजवीज व्हायला महिना लागेल. मादी तर जोडी जमल्यापासून आठ-दहा दिवसांत दोन अंडी घालते. धान्यांमध्ये नाचणी तेवढी वेगळी आहे, तिच्या १०० ग्रॅममध्ये ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मी ती मूठभर मिसळतोही. पण शिंपल्याच्या एका ग्रॅममध्येच त्याहून जास्त कॅल्शियम असते, त्यामुळे नाचणीवर भिस्त ठेवता येत नाही.

शिंपले आमच्याकडे दारात असतात. तिसऱ्या (खाण्याचे छोटे शिंपले) किंवा कालवे घरी आणली की कवचे मी टाकू देत नाही. ती आधी कुंचल्याने घासून, दोनदा साध्या पाण्यात उकळून घ्यावीत, म्हणजे मासाचा अंश आणि मीठ निघून जाते. नंतर तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवून लोखंडी खलबत्त्यात फोडावीत. ती निखाऱ्यात भाजू नयेत. कोकणात पूर्वी शिंपले भट्टीत जाळूनच चुना करीत. फार तापलेल्या शिंपल्याचा कळीचा चुना होतो आणि तो पक्ष्याच्या तोंडाची व अन्नपिशवीची आग करतो. फोडल्यावर दोन चाळण्या वापराव्यात. पहिलीतून ज्वारीच्या दाण्याहून मोठे तुकडे वेगळे निघतात, ते पुन्हा खलात टाकावेत. दुसरीतून पीठ खाली जाते आणि बाजरी ते ज्वारी एवढे तुकडे वर राहतात. तेच पक्ष्यांना द्यावेत. पिठाला पक्षी तोंड लावत नाहीत आणि पोटात गेले तरी ते लगेच पुढे सरकते. जाड तुकडा सावकाश विरघळतो. कवच चढण्याचे काम रात्रीही चालू असते आणि त्या वेळी मादी काही खात नसते, म्हणून हा सावकाशपणा महत्त्वाचा आहे.

कराडमध्ये शिंपले मिळाले नाहीत, तर कोंबडीखाद्याच्या दुकानात 'शेल ग्रिट' मागावे. तिथेच 'स्टोन ग्रिट' नावाने जे मिळते ते बहुधा चुनखडीचे खडे असतात. नावात स्टोन असले तरी ते विरघळणारे आहेत, हे ध्यानात ठेवावे. ओळखायचे असेल तर वाटीत थोडे पांढरे व्हिनेगर घेऊन चार खडे टाकावेत. बुडबुडे आले तर ते कॅल्शियम, स्वस्थ पडून राहिले तर तो दळणाचा दगड. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेसही उत्तम असतो. तो मऊ असल्यामुळे पक्षी स्वतःच टोचून खातात.

प्रमाण मोजून द्यावे लागत नाही. माझ्या पाच जोड्यांसाठी एक लहान वाटी शिंपला दोन दिवस पुरतो, उरलेला मी टाकून देतो आणि ताजा भरतो. धूळ बसलेले किंवा विष्ठा पडलेले ग्रिट कबुतर खात नाही. अनेकांचा 'माझे पक्षी ग्रिट खातच नाहीत' असा जो अनुभव असतो, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते. ताजी वाटी ठेवल्यावर तेच पक्षी एकमेकांना पंखांनी ढकलत तिच्याभोवती गोळा होतात.

पानाचा चुना कृपया देऊ नका. तो विरलेला चुना असतो आणि तीव्र दाहक असतो. जुन्या वाड्यांच्या भिंतींचा चुना पूर्वीचे लोक देत, तो वेगळा. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पुन्हा कार्बोनेट झालेला असतो. आजच्या कठड्याच्या गिलाव्यात सिमेंट आणि रंग असतो, शिवाय जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. पक्षी गिलावा टोचतात, कारण त्यांना काहीतरी कमी पडते आहे. शिंपला ठेवला की हे टोचणे बरेच कमी होईल.

---

पशुवैद्य_साताऱ्याकडची

वरील प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे. मी पशुवैद्यक म्हणून काम करते. आपल्या वर्णनातील दोन गोष्टींबद्दल काळजी वाटली, म्हणून लिहीत आहे.

पहिली गोष्ट ढाबळीच्या रचनेची. शिंपला पोटात गेला म्हणजे कॅल्शियम अंगी लागलेच असे होत नाही. आतड्यातून ते शोषले जाण्यासाठी ड ३ जीवनसत्त्व लागते आणि पक्षी ते प्रामुख्याने उन्हातील अतिनील किरणांच्या साहाय्याने स्वतःच्या शरीरात तयार करतात. आपल्या ढाबळीला तीन बाजूंनी प्लायवूड, वर पत्रा आणि समोर ॲक्रिलिक आहे. काच आणि अशा प्रकारचे पारदर्शक पत्रे उजेड आत येऊ देतात, परंतु उपयोगी पडणारे अतिनील किरण बहुतांशी अडवतात. म्हणजे पक्षी उजेडात बसलेले दिसतात आणि तरीही उन्हाला पारखे राहतात. समोरचे ॲक्रिलिक काढून तिथे बारीक, मजबूत जाळी बसवा. पावसाळ्यासाठी वर गुंडाळता येणारा पडदा ठेवता येईल. सकाळचे थेट ऊन पक्ष्यांच्या अंगावर पडलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट मादीची. जोडी जमल्यावर मादीच्या शरीरात इस्ट्रोजेन वाढते आणि तिच्या लांब हाडांच्या पोकळीत हाडाचाच एक तात्पुरता, जाळीदार साठा तयार होतो. या साठ्याचे शास्त्रीय वर्णन १९३४ साली कबुतराच्या माद्यांवरील अभ्यासातूनच झाले होते. कवच तयार होताना आहारातून येणारे कॅल्शियम अपुरे पडले, तर मादी या साठ्यातून उचल करते आणि साठा पुन्हा भरण्यापूर्वी नवी अंडी आली, तर मूळ हाडे झिजू लागतात. कबुतराचे पहिले अंडे सहसा संध्याकाळी येते आणि दुसरे सुमारे ४० ते ४४ तासांनी, म्हणजे तिसऱ्या दिवशी दुपारी. दोन कवचे इतक्या कमी अवधीत चढवायची असल्यामुळे कमतरता असली तर ती आधी दुसऱ्या अंड्यात दिसते. आपल्या मादीच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. कॅल्शियम स्नायूंच्या आकुंचनालाही लागत असल्याने अशा माद्यांमध्ये अंडे अडकण्याचा धोका असतो. मादी शेपटी वर-खाली करत जोर लावत असेल, पाय लुळे पडत असतील किंवा पोट ताठ लागत असेल, तर तिला उबदार, शांत जागी ठेवून त्याच दिवशी पक्षी पाहणाऱ्या पशुवैद्यांकडे न्यावे. तिथे कॅल्शियमचे इंजेक्शन देता येते. अंडे बोटाने ओढून काढण्याचा प्रयत्न कृपया करू नये. ते आत फुटल्यास मादी दगावू शकते.

माणसांचे पातळ औषध थांबवावे. पाण्यातून प्रत्येक पक्ष्याच्या पोटात किती गेले हे कळत नाही. अशा औषधांत अनेकदा ड ३ देखील असते आणि त्याचा अतिरेक झाल्यास मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते. याच कारणाने शिंपल्याची पूड दाण्यांना चोळून सर्वांना सक्तीने खाऊ घालणेही मला पसंत नाही. नराला आणि वाढत्या पिल्लांना मादीइतके कॅल्शियम नको असते. वाटी वेगळी ठेवली की ज्याला जेवढे हवे तेवढे तो घेतो.

पिल्लाच्या फाकलेल्या पायांचे खापर मात्र लगेच कॅल्शियमवर फोडू नका. घरटे गुळगुळीत असेल, म्हणजे प्लास्टिकचे भांडे, वर्तमानपत्र किंवा नुसती फळी असेल, तर निरोगी पिल्लाचेही पाय घसरून फाकतात. मातीची खोलगट परात आणि तीत कडुनिंबाच्या किंवा खराट्याच्या काड्या असाव्यात, म्हणजे नखांना धरायला काहीतरी मिळते. पहिल्या आठवड्यात लक्षात आले, तर दोन्ही पाय मऊ पट्टीने योग्य अंतरावर बांधून दुरुस्ती होऊ शकते. छातीचे हाड वाकडे असेल किंवा हाडे दाबल्यावर लवत असतील, तर मात्र मुडदूस समजून उपचार करावे लागतील.

एक सूचना सर्वच वाचकांसाठी. पक्ष्यांना डॉक्सिसायक्लिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन चालू असताना शिंपला आणि इतर कॅल्शियम ढाबळीतून काढून ठेवावे. कॅल्शियम या औषधांना बांधून टाकते आणि औषधाचा परिणाम कमी होतो. उपचार संपल्यावर वाटी पुन्हा ठेवावी.

---

गच्चीवरची_पाखरे

एक गोष्ट दोघांच्याही लिहिण्यात आली नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आपण पहिल्या दोन वेळची अंडी काढून घेतलीत, तिथूनच या दुखण्याची सुरुवात झाली असावी. अंडी उचलली की मादी साधारण आठ-दहा दिवसांत पुन्हा घालते. संख्या रोखण्यासाठी केलेल्या उपायामुळे तिला विश्रांतीच मिळत नाही आणि प्रत्येक वेळी तिच्या हाडांतून आणखी एक ग्रॅम कॅल्शियम निघून जाते. त्यापेक्षा खरी अंडी काढून त्या जागी लाकडी किंवा प्लास्टिकची खोटी अंडी ठेवावीत. जोडी १७-१८ दिवस, कधी त्याहूनही थोडे अधिक, त्यावर मनापासून बसते आणि तेवढे दिवस मादीला मिळतात. मी माझ्या जोड्यांकडून वर्षाला तीनपेक्षा जास्त विणी घेत नाही आणि ऑक्टोबर ते डिसेंबर नर-माद्या वेगळ्या ठेवते. शिंपल्याची वाटी मात्र त्या काळातही ठेवते, कारण साठा भरायचा असेल तर तो जोडी जमण्यापूर्वीच भरायला हवा. अंडी दिसल्यावर धावपळ करून त्या अंड्यांना काही फायदा होत नाही.

---

कृष्णाकाठची_ढाबळ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण सांगितलेले आधी करून पाहायचे होते.

व्हिनेगरची परीक्षा घेतली. माझ्या वाळूतले वीस-पंचवीस खडे वाटीत टाकले. तीन-चार पांढुरके खडे सोडले तर बाकीचे सगळे निमूट पडून राहिले. कोंबडीखाद्याच्या दुकानातून आणलेल्या 'स्टोन ग्रिट'च्या खड्यांवर मात्र लगेच बुडबुड्यांची साय धरली. गेली तीन वर्षे मी ज्याला कॅल्शियम समजत होतो, त्यात ते नव्हतेच, हे डोळ्यांनी पाहिल्यावर फार वाईट वाटले.

समोरचे ॲक्रिलिक काढून जाळी बसवली आहे. साडेसात ते दहा या वेळात आता पक्षी एक पंख पसरून उन्हात आडवे पडतात. असे पडलेले मी त्यांना ढाबळीत कधी पाहिले नव्हते. लक्का मादीला नरापासून वेगळे करून त्याच उन्हाच्या कप्प्यात ठेवले आहे. तिच्यापुढे वाळूची आणि शेल ग्रिटची अशा दोन मातीच्या ताटल्या ठेवल्या. पहिल्या सकाळी तिने वाळूकडे पाहिले नाही. शिंपल्याचे तुकडे मात्र मान वाकडी करून एकेक निवडत ती बराच वेळ खात राहिली. चार-पाच दिवसांनी ते खाणे आपोआप कमी झाले. पशुवैद्यांना दाखवले. हाडे ठीक आहेत, पण उन्हाळा संपेपर्यंत जोडी लावू नका, असे त्यांनी सांगितले आहे. कालपासून ती पुन्हा फळीवर चढते.

एक शंका राहिली आहे. बाजारात तयार लाल ग्रिट मिळते, त्यात मीठही असते. ते द्यावे का?

---

रत्नागिरीचा_होमरवाला

मादी फळीवर चढली हे वाचून बरे वाटले.

मीठ कबुतरांना हवे असते आणि पिल्ले भरवताना अधिकच हवे असते. परंतु ज्या पक्ष्यांना ते आजवर मिळालेले नाही, ते पहिल्यांदा त्यावर तुटून पडतात आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. तयार लाल ग्रिट पहिले आठ दिवस रोज चिमूटभरच द्यावे आणि शेजारी स्वच्छ पाणी भरपूर असावे. घरी मिसळायचे असेल तर मी एक किलो ग्रिटला दहा ग्रॅम सैंधव घेतो, त्याहून जास्त नाही. मीठ घातलेले ग्रिट पावसाळ्यात ओल धरते आणि त्याला बुरशी येते, म्हणून मे महिन्यातच ते कडक उन्हात एकदा वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवावे आणि जूननंतर वाटीत एका दिवसापुरतेच काढावे.